सणवार होऊन जाऊ देत

माझी थोरली बहीण डोंबिवलीला मानपाड्यात राहते, मी कल्याणला. श्रावणात तिच्याकडे गेलेले, तेव्हा तिच्या ब्लाउजवर डाव्या बाजूला पिवळा डाग दिसला.

"हे काय गं ताई?"

"आंबेहळद. कपाटाचा कोपरा लागला. मुका मार आहे."

आमच्याकडे कुठेही सूज आली की आंबेहळद उगाळून लावायची, हे आईपासून चालत आलेलं. मी म्हटलं, बघू तरी. तिने पदर ओढून घेतला. एका अंथरुणात वाढलेल्या बहिणी आम्ही, पण न्हाणीघराची कडी लावायला दोघीही कधी विसरलो नाही.

"कधी लागलं?"

"होळीच्या सुमारास."

होळीचा मार श्रावणापर्यंत टिकतो होय? मी ओरडलेच. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणे, "अगं, गौरी-गणपती तोंडावर आलेत. सणवार होऊन जाऊ देत."

गौरी गेल्या. मग पितृपक्ष लागला, पंधरवड्यात दवाखान्याचं नवं काही काढायचं नाही म्हणे. शिवाय तिच्या सासूबाई सवाष्ण गेलेल्या, त्यांची अविधवा नवमी कोण करणार? मग घट बसले. अखंड दिवा सोडून घराबाहेर कसं पडायचं? आमच्या कॅलेंडरात बाईने आजारी पडायला एक तिथी मोकळी नाही. वैतागून भावोजींना फोन केला. ते म्हणाले, "बायकांचं दुखणं, तुम्हीच बघा." भले शाब्बास! तोवर फराळाची भाजणी दळायला गेलेली.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा घेऊन तिच्या दारात उभी राहिले. अक्षरशः बखोटीला धरून नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीतली गाठ तपासली, काखेत चाचपलं आणि लगेच तपासण्यांची चिठ्ठी लिहायला घेतली. मग फोटो, मग सुईने तुकडा काढणं, मग रिपोर्टची वाट. एका ठिकाणी मशीन बंद, दुसरीकडे नंबर लांबचा. जिने चढून-उतरून पायांचे तुकडे पडायची वेळ आली. शेवटी कळलं, कॅन्सर आहे आणि काखेत उतरलाय. आधी केमो, मग ऑपरेशन, पुढचं पुढे. "सुरुवातीला आला असतात तर लहान ऑपरेशनवर भागलं असतं," बाई म्हणाल्या. रागावल्यासुद्धा नाहीत. रोज तेच तेच सांगून त्याही दमल्या असतील.

बाहेर बाकावर ताईने विचारलं, "मी वाचेन ना गं?"

"चल, चहा घेऊ," म्हटलं. तिचा राग येत होता आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटत होतं. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

दुसरी केमो झाली तेव्हा तिचे केस गेलेले. मी पेज घेऊन गेले. तिची मुलगी नुकतीच कामावरून आलेली. आईला झालंय, तू पण एकदा तपासून घे, असं मी तिला किती वेळा सांगितलेलं. तिने मोबाइलमधून मान वर केली नाही.

"मावशी, मला काही झालेलं नाहीये. कुठे दुखत पण नाही."

ताई भिंतीला धरून उठून बसली. "दार लाव," म्हणाली. मी लावलं. तिने गाऊनची बटणं काढली, लेकीचा हात धरला आणि सरळ त्या गाठीवर ठेवला. पोरगी हात मागे घ्यायला लागली. ताईच्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती, पण हात काही तिने सोडला नाही.

"नीट दाब. अशी लागते. कडक. बघ, हलत नाही."

"आई, दुखतंय का?" पोरीला रडू फुटलं.

"नाही. एक दिवससुद्धा दुखली नाही." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू का तिकडे उभी? ये, तू पण हात लाव."