मामाचं पत्र आणि माझा रुमाल

चहा निवतोय तोवर ऐका. किस्सा माझ्या फजितीचा आहे, तेव्हा खुशाल हसा. मी मात्र शेवटापर्यंत हसेन असा भरवसा देत नाही.

माझं माहेर नगरचं, इंग्रजी मुलखातलं. तिथे हायस्कुलात शिकले आणि लग्न होऊन निजामाच्या मोगलाईत आले, नांदूरघाटला. हे सरकारी शाळेत मास्तर. आता शिकलेलं माणूस गप्प बसतं का? आमच्या बाबूचा वाढदिवस आला तसं मी ठरवलं, नुसतं ओवाळून हातावर गुळाचा खडा ठेवायचा नाही. गल्लीतली पोरं बोलवायची, खेळ घ्यायचे, मजा करायची!

शेजारच्या रखमाआजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना आधी सांगितलं.

"वाढदिस? पोराचा?" आजी हसल्या. "सालगिरह तर निजाम सरकारची असती. शाळेत मिठाई वाटत्यात. तुमचा बाबू काय सरकार हाय व्हय, मास्तरीणबाई?"

"आजी, घरात राज्य त्याचंच आहे."

"मंग वाटा मिठाई!"

या आजींचा एकुलता एक मुलगा सखाराम. नगरला जाऊन पलटणीत भरती झाला आणि पलटण गेली समुद्रापार, लढाईवर. निघताना आपल्या भाच्याला, म्हणजे आजींच्या लेकीच्या गण्याला, खांद्यावर घेऊन वेशीपर्यंत गेला होता म्हणे. त्यानंतर दोन दिवाळ्या उलटल्या, पण त्याचा एक कागद नाही. आजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. गल्लीतल्या बायकांची पत्रं मीच वाचून द्यायची, म्हणून आजी दर गुरुवारी मला विचारायच्या, "डाक आली का गं?" मी म्हणायची, "येईल हं, आजी."

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं बरं का! तरी मी खेळ कोणता निवडावा?

पहिल्यांदा आंधळी कोशिंबीर झाली. गण्यानं डोळे बांधून आजींच्या म्हशीची शेपटी धरली आणि "बाबू सापडला!" म्हणून ओरडला. म्हशीनं त्याला जे उत्तर दिलं, ते धुवायला दोन घागरी पाणी लागलं. मी म्हटलं, पुरे! आता बसून खेळू.

पोरांना गोल बसवलं. नगरहून आणलेला माझा पांढरा रुमाल काढला आणि त्यांना 'मामाचं पत्र' शिकवलं. एकानं पाठीमागून फिरत म्हणायचं, "मामाचं पत्र हरवलं!" बाकीच्यांनी म्हणायचं, "ते मला सापडलं!" आणि फिरणाऱ्यानं रुमाल हळूच कुणाच्या तरी मागे टाकायचा.

रुमाल पडला नेमका गण्याच्या मागे. पोरगं उसळलं. "सापडलं! मामाचं पत्र सापडलं!"

पलीकडे शेंगांचं सूप उपडं झालं. आजी भिंत चाचपत दारात आल्या.

"गण्या, कुनाचं पत्र रं?"

"मामाचं!"

"कवा आलं?"

"आत्ता! माझ्या मागंच पडलं हुतं!" गण्यानं रुमाल माझ्या हातात कोंबला आणि धूम ठोकली. पोर खोटं कुठे बोललं, सांगा बरं?

मी तोंड उघडेपर्यंत आजींनी गल्लीला हाळी दिली, "सख्याचं पत्र आलं गं!" बघता बघता दाराशी बायका. कुणी गूळ आणायला धावली, कुणी नारळ बोलली, कुणी उगाच रडायला लागली. बाबू म्हणाला, "आई, तो तर रु..." मी त्याच्या तोंडात शिऱ्याचा घास कोंबला. वाढदिवसाचा पहिला घास असा गेला!

"वाच की गं माय," आजी माझ्या पायाशी बसल्या. "कावून थांबलीस?"

खरं सांगणार होते हो! पण तो चेहरा बघितला आणि बायकांकडे पाठ करून मी रुमाल उलगडला. "तीर्थरूप आईस साष्टांग दंडवत. मी इकडे खुशाल आहे. इकडे थंडी फार आहे."

"घोंगडं दिलंवतं की त्याला," आजी हळूच म्हणाल्या.

"घोंगडं पांघरतो. गण्यास आशीर्वाद. आपला ढवळ्या बैल कसा आहे?"

"ढवळ्या तर पोळ्याआदीच गेला." आजींनी डोळ्यांना पदर लावला. "त्याला कसं ठावं असंल लेकराला? वाच फुडं."

पुढे काय वाचू? रुमालाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचं एक फूल होतं, तेवढंच. "आपला मुलगा, सखाराम," असं म्हणून संपवलं. आजींनी रुमाल घेतला, कपाळाला लावला आणि कनवटीला खोचला.

रात्री यांना सगळं सांगितलं. हे कपाळ धरून बसले. "अगं, डाक गुरुवारी येते. आज मंगळवार!"

"त्यांना कुठे दिसतंय?" मी म्हटलं. बघा माझी हुशारी!

संक्रांतीला आजी रुमाल घेऊन आल्या. "जरा वाच." मी वाचलं. शिमग्याला आल्या, पुन्हा वाचलं. गडबडीत थंडी राहून गेली, तर लगेच म्हणाल्या, "थंडीचं सोडलंस." एकदा मी काळजीनं सखारामाला थोडा ताप आणून पाहिला. म्हटलं, पुढचं काही ऐकायची वेळ आलीच, तर मनाची तयारी असावी. आजी कडाडल्या, "असलं काय बी न्हाई त्यात! नीट वाच!"

खरं पत्र काही आलं नाही. पलटणीतली माणसं परत आली, नोकरीधंद्याला लागली. सखाराम आला नाही. आजींनी "डाक आली का गं?" विचारणंही सोडलं.

मग एका सकाळी आजी आल्या. हातात रुमाल, पांढराशुभ्र, कडक घडीचा.

"लई मळलं हुतं पत्र," त्या म्हणाल्या. "रिठ्यानं धुऊन आणलंय. वाच आता."

मी घडी उलगडली. 'तीर्थरूप'च्या पुढे माझा आवाज निघेना. समोर नुसतं पांढरं, आणि तेही पाण्यात तरंगणारं.

आजी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "नगरला येवढी शिकलीस, मास्तरीणबाई, अन् एक रुमाल वाचता येईना तुला?"