हेमकांत वायरमन आणि चार इंजिनांचं विमान

आमच्या गावात लाईट गेली की लोक हेमकांत वायरमनचं नाव घेतात, आणि ते काही भक्तिभावाने घेत नाहीत. माझी पिठाची गिरणी असल्यामुळे सगळ्यांत आधी मी घेतो. गिरणीत अर्धवट दळलेले गहू, ओट्यावर डबे घेऊन बसलेल्या बाया, आणि हा गृहस्थ समोरच्या खांबावर कमरेला पट्टा बांधून निवांत. किती वेळ लागेल असं विचारलं की वरून एकच उत्तर येतं, "दहा मिनिटमा ई जाई." हेमकांतची दहा मिनिटं म्हणजे नेमकी किती, हे पंचवीस वर्षांत कोणाला कळलेलं नाही. बाया मात्र दर वेळी बसून राहतात.

खांबावर तो काम करतो, नाही असं नाही. पण निम्मा वेळ त्याचं तोंड आभाळाकडे असतं. आमचं गाव तापीकाठच्या सपाटीवर, त्यामुळे आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडं. दिल्लीची, दुबईची, आणखी कुठली कुठली विमानं आमच्या केळीच्या बागांवरून रोज जातात. हेमकांतच्या एका खिशात टेस्टर आणि दुसऱ्यात दुर्बीण. वरून एखादं विमान चाललं की खाली गाव अंधारात आहे हे तो साफ विसरतो.

खोटं बोलण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही. बिघाड वरूनच आहे, साहेब मीटिंगमध्ये आहेत, डीपीत साप निघाला, हे सगळं तो डोळ्याची पापणी न हलवता सांगतो. त्या सापाची लांबी दर पावसाळ्यात हातभर वाढते. बायकोलाही सोडत नाही. पण विमानाची गोष्ट निघाली की हाच माणूस एकदम बदलतो, शब्द तोलूनमापून बोलतो. खात्री नसेल तर सरळ सांगतो की ढग होते, दिसलं नाही.

याचा फटका आमच्या चुडामण गुरुजींना बसला होता. गुरुजी सुरतेहून दिल्लीला जाऊन आले आणि एका लग्नाच्या पंगतीत जंबो विमानाचं वर्णन करू लागले. हेमकांत वाढपी होता. वरणाची बादली हातात धरून त्याने विचारलं, "गुरुजी, इंजिन खालथून चपटं व्हतं का गोल?" गुरुजींना आठवत होतं, चपटं होतं. मग पंगत खोळंबली. हेमकांतने सांगितलं की ते सातशे सदतीस. त्याचे पाय आखूड, पोट जमिनीला टेकायला आलेलं. पुढे मोठी इंजिनं बसवायची वेळ आली तेव्हा ती खाली घासतील म्हणून त्यांचं तोंड खालून चपटं करावं लागलं. जंबोला चार इंजिनं, आणि सगळी गोल. गुरुजींनी त्या दिवशी भात घेतला नाही, आणि वर्षभर हेमकांतशी बोलले नाहीत.

त्याचं सगळ्यांत आवडतं विमान हेच जंबो. त्याच्या पाठीवर पुढच्या बाजूला उंचवटा का, हे त्याने मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही सांगेन. विमान बनवणाऱ्यांना वाटलं होतं की लोक पुढे आवाजाच्या वेगापेक्षा जोरात उडणाऱ्या विमानांनी फिरतील, आणि हे बिचारं माल वाहायला उरेल. म्हणून नाक वर उघडून समोरून माल भरता यावा अशी सोय ठेवली, आणि पायलटला उचलून माळ्यावर बसवलं. "अंदाज चुकना, पन इमान कसं देखनं झायं," असं म्हणून तो पुन्हा आभाळाकडे पाहतो. आता ही विमानं मोडीत निघाली आहेत, मालाची तेवढी थोडी उरलीत, याचं त्याला घरचं कोणी आजारी असल्यासारखं दुःख आहे.

हे सगळं ऐकून घेणारी घरात एकच, त्याची मुलगी काजल. लहानपणापासून ती घराच्या धाब्यावर बापाशेजारी उताणी पडून इंजिनं मोजायची. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न नवापूरला झालं. व्याही नवनीतभाईंची अंडी देणाऱ्या कोंबड्यांची शेड आहे. सून हुशार म्हणून विहीणबाई सरलाबाईंनी शेडचं बरंच काम तिच्यावर सोपवलं.

गेल्या दिवाळीनंतर हेमकांत दोन दिवस लेकीकडे राहायला गेला. मोबाइलवर त्याने पाहिलं, दिवेलागणीला नवापूरवरून मालवाहू जंबो जाणार. शेडच्या दिव्यांचा उजेड डोळ्यांवर येत होता. वायरमनच तो, त्याने शेडच्या टायमरला हात घालून दिवे बंद केले. विमान गेलं, आनंदात जेवण झालं, आणि टायमर परत लावताना वेळ चुकली. कोंबड्यांना थंडीच्या दिवसांत संध्याकाळचा दिव्याचा उजेड मिळाला नाही तर त्या अंडी देणं कमी करतात. आठवड्याभरात अंडी निम्म्यावर आली. नवापुरात अंडी कमी झाली की लोक आवाज खाली करून बोलतात, कारण रोगाची भीती. डॉक्टर आले, रोग नाही म्हणाले. काजलने टायमर पाहिला आणि तिला सगळं समजलं. तिने वेळ नीट केली आणि घरात सांगितलं की हात माझा लागला. मग बापाला फोन करून बजावलं, नाना, तुम्ही काही बोलू नका.

सरलाबाईंनी सुनेकडून शेडच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि हेमकांतला बोलावणं धाडलं. माझी पिकअप होती, म्हणून मी सोबत गेलो. विसरवाडीपर्यंत तो खिडकीतून विजेचे खांब मोजत होता. मग म्हणाला की मी खरं बोललो तर पोर सासरी खोटी पडते, आणि गप्प बसलो तर पोर गुन्हेगार. मी चिडलो. म्हटलं, मला दिवसातून तीनदा गंडवतोस, आज एकदा लेकीसाठी गंडव. व्होल्टेज सांग, उंदीर सांग. त्याने मान डोलावली. मला वाटलं, जमवेल. पंचवीस वर्षांचा सराव होता.

चहा झाला. काजल दाराशी उभी होती, डोळे सुजलेले. सरलाबाई समोर बसल्या होत्या. नवनीतभाई मोठे सभ्य गृहस्थ. त्यांनी स्वतःच वाट काढून दिली.

"याही, आभाळनं तुम्हलेच ठाऊक. त्या सांजले एखादं इमान खालथून गयं का? कोंबड्या भडकन्या व्हतीन."

मी मनात म्हटलं, सुटलो. आयतं ताट वाढलं होतं. हेमकांतने तोंड उघडलं. हो, गेलं ना, एटीआर होतं, दोन पंख्यांचं, सुरतेकडे खाली उतरत होतं, असं तो म्हणाला आणि अडखळला. एटीआरबद्दल तो एरवी तासभर बोलतो. मागच्या दाराने माणसं चढतात, म्हणून ते बैलगाडीसारखं उलाळ होऊन मागे कलंडू नये यासाठी शेपटीखाली टेकू लावतात, हे सांगताना तो हातवारे करून दाखवतो. त्या दिवशी टेकूपर्यंत गाडी गेलीच नाही. त्याने काजलकडे पाहिलं. त्या वेळी तिथून एटीआर जात नाही, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

"नही याही," तो म्हणाला. "त्या सांजले खाले काहीच नही व्हतं. जंबो व्हतं, ते छत्तीस हजार फुटवर. लाईट मी बंद करी. टायमरले मन्हा हात लागना. पोर मन्हा करता खोटं बोलनी."

मला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही कुठे ठेवावे हे कळेना. सरलाबाई उठल्या, आत गेल्या आणि शेडवरून काढून ठेवलेला टायमरचा डबा घेऊन आल्या. त्यावर तांबडी टेप गुंडाळलेली होती. आमच्या गावातल्या प्रत्येक खांबावर, प्रत्येक जोडावर हेमकांत हीच टेप मारतो, त्याच तिरक्या घड्या घालून. सरलाबाईंनी लेकाच्या लग्नात मांडवातल्या वायरींवर ती पाहिली होती.

"टेप मी आठ दिन पहिलेच दखी," त्या म्हणाल्या. "पोरवर मी अंडासकरता नही चिडनू. ती माले खोटं बोलनी म्हनीसन चिडनू. बापबी तसाच निंघस का, ते पहानं व्हतं."

असं म्हणून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काजलच्या हातात दिला. हेमकांतला शिक्षा सुनावली ती अशी, की महिनाभर रोज संध्याकाळी सहाला फोन करून शेडचे दिवे लागले का ते विचारायचं. तो मान खाली घालून हो म्हणाला. मला वाटतं, तो रडत होता.

निघताना काजल गाडीपर्यंत आली. तिने हळूच विचारलं, "नाना, दिखनं का नीट?"

"चारी इंजिन मोजनू," तो म्हणाला, आणि ती रडतारडता हसली.

दुसऱ्या दिवशी गावात लाईट गेली. ओट्यावर बाया, गिरणीत निम्मे गहू, खांबावर हेमकांत. मी नेहमीप्रमाणे विचारलं, किती वेळ?

त्याने दुर्बीण खाली घेतली. मग खाली पाहून म्हणाला, "ठाऊक नही, भाऊ."

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. दोघींनी डबे उचलले, तिसरी पदर खोचून निघालीच.  मी खांबाखाली जाऊन त्याला सांगितलं, बाबा रे, खरं तू फक्त विमानांपुरतं बोल, माझी गिरणी बंद पाडू नकोस.

हेमकांतने दुर्बीण खिशात टाकली, आणि ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दहा मिनिटमा ई जाई."

बायांनी डबे परत खाली ठेवले.