साहेबरावांची पिवळी चिठ्ठी

धम्मदीपाच्या डाव्या डोळ्याच्या वर, बरोबर अर्ध्या बोटावर चकती बसली, ती माझ्या हातून. सांगायला लाज वाटते, पण मी त्या लढाईत नव्हतोसुद्धा. मी पाहुणा. साहेबरावांच्या परसात खाटेवर बसून कलिंगड खात होतो. त्यांनी नातीसाठी बाजारातून आणलेली चकत्या उडवायची बंदूक माझ्या शेजारी पडली होती, आणि साठी उलटलेल्या माणसाच्या हाताला बंदूक लागली की त्याचं वय साडेसहा होतं. "बघू बघू, घोडा कसाय," म्हणत मी बोट घातलं. बंदूक भरलेली होती.

पोर रडली नाही. नऊ वर्षांची धम्मदीपा भुवई चोळत ओरडली, "किशोरआजोबा, तुम्ही कोणाच्या टीममध्ये आहात ते आधी सांगायचं असतं!" तिची आई सुनीती उठली. बर्फ आणायला आत जाताना तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

साहेबरावांनी चकती उचलली. अंगठा आणि तर्जनीत धरून दाबली. दबेना.

"प्लॅस्टिक हाय," ते म्हणाले. "वरनं नुसता फोमचा रंग दिलाय."

मग सदऱ्याच्या खिशातून त्यांनी तांबड्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, एक चिठ्ठी फाडली, तारीख घातली, सही केली आणि बंदुकीच्या कपाळावर चिकटवली. रिजेक्ट.

"आता म्या पास करीन तीच बंदूक या परसात चालंल," साहेबराव म्हणाले. "तवर लढाई बंद."

या चिठ्ठ्यांचं सांगायला हवं. पिरंगुटच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं घालवली, तिथं फोम व्हायचा. टीव्ही, फ्रिज, मिक्सर खोक्यात बसवताना भोवती जो मऊ पांढरा पदार्थ असतो, आणि जो घरी आणल्यावर मुलं चिमट्यांनी संपवतात, तो. साहेबराव तपासणीत, मी डिस्पॅचला. म्हणजे माझ्या गाड्या भरायच्या आणि त्यांनी त्या अडवायच्या. त्यांच्याकडे तीन रंगांच्या चिठ्ठ्या असत. तांबडी म्हणजे फेका. हिरवी म्हणजे पाठवा. पिवळी म्हणजे थांबा, साहेबरावांचा विचार चाललाय. पिवळी लागली की गाडी गेटावर उभी. ड्रायव्हर टायरला लाथा मारतोय, मालक फोनवर ओरडतोय, मी हातापाया पडतोय, आणि साहेबराव फोमचा तुकडा बोटांत दाबून, सोडून, तो किती वेळात वर येतो ते मोजतायत. "येक, दोन, तीन. तीनच्या आत उठाया पायजे." एकदा एक गाडी तीन दिवस उभी राहिली. मी म्हटलं, "अहो साहेबराव, फोम आहे, नवरदेव नाही." ते म्हणाले, "सही न्हाई तवर गाडी हलायची न्हाई."

निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांना घड्याळ मिळालं. यांनी घड्याळ घेतलंच, वर उरलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मागून घेतले. मग घरात तपासणी सुरू झाली. भाड्यानं दिलेल्या तीन खोल्यांच्या नळांना चिठ्ठ्या. दारावर आलेल्या भाजीला चिठ्ठ्या. एकदा गोजराबाईंच्या भाकरीला पिवळी लागली, तेव्हा त्या माउलीनं भाकरी उचलून परत टोपल्यात ठेवली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मग थांबल्याली. माणूस बी थांबू दे उपाशी." त्या दिवसापासून स्वयंपाकघर तपासणीतून वगळलं गेलं.

हिरवी चिठ्ठी मात्र त्यांच्या हातून फार जपून सुटायची. धम्मदीपा जन्मली तेव्हा दवाखान्यात त्यांनी दुपट्याला हिरवी चिठ्ठी टाचली होती. वजन दोन किलो नऊशे. आवाज ओके. खाली ठसठशीत सही. ती चिठ्ठी सुनीतीनं पाकिटात जपून ठेवलीय, म्हणजे सून काय दर्जाची ते समजा.

मुलगा रत्नदीप महाळुंग्याला चौदाव्या मजल्यावर राहायचा. तिथं खेळायला लॉन होतं, पण लॉनवर पाय ठेवायचा नाही अशी पाटीही होती. म्हणून दर रविवारी धम्मदीपा आजोबांच्या परसात. पाण्याची टाकी हा तिचा किल्ला, धुण्याचा दगड हा आजोबांचा, आणि मधे कुरडया वाळत घालून बसलेल्या गोजराबाई हे तटस्थ राष्ट्र. सोसायटीतल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला तिनं चकत्यांच्या बंदुका पाहिल्या, आणि तेव्हापासून तिनं लढाईचा नकाशा काढून टाकीवर चिकटवला होता. दोघांना दोन बंदुका, चकत्या सहा-सहा. नियम पहिला, तोंडावर मारायचं नाही. नियम दुसरा, आजीला लागली तर दोघं हरले.

आणि लढाईला मुदत होती. रत्नदीपला आयर्लंडात नोकरी लागली होती. तिघांचे कागद झाले होते, मेच्या अखेरीला विमान. मी चकती मारली त्या दिवशी हातात सहा रविवार उरले होते. हे मला माहीत होतं, गोजराबाईंना माहीत होतं, आणि साहेबरावांना सगळ्यांत जास्त माहीत होतं, कारण ही बातमी ऐकल्यावर ते फक्त "बरं झालं" म्हणाले होते आणि दिवसभर परसातला नळ खोलत बसले होते. नळ बिघडलेला नव्हता.

तर आम्ही बंदुकीच्या शोधाला निघालो. शोध बायकांच्या साड्यांचा असतो तसा. स्कूटर माझी, पेट्रोल माझं, कारण गुन्हा माझा.

पहिल्या रविवारी पिरंगुटातलंच दुकान. चकती फोमची होती, पण साहेबरावांनी दाबली तर दबली ती दबलीच. सात मोजले तरी उठेना. "मेलेला माल," म्हणून त्यांनी ती दुकानदाराच्या हातात अशी ठेवली की तो बिचारा सुतकात गेला.

दुसऱ्या रविवारी आम्ही सूसला गेलो. नव्या सोसायट्यांच्या खाली एक खेळण्यांचं दुकान होतं, थंडगार, आणि आत रेश्मा नावाची चटपटीत मुलगी. निळी-नारिंगी बंदूक तिनं काढून दिली. चकत्या जाड, बिस्किटासारख्या. साहेबरावांनी एक दाबली. तीन म्हणायच्या आत उठली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर तिथं कारखान्यात वर्षातून दोनदा दिसायचा तो उजेड.

"आता मारा," ते मला म्हणाले.

"कुणाला?"

"मला. हितं." आणि त्यांनी चष्मा काढून, डोळा मिटून, पापणीवर बोट ठेवलं.

"अंकल, प्लीज, दुकानात नको," रेश्मा म्हणाली. "सेफ आहे, बॉक्सवर लिहिलंय ना."

"बाई, लिव्हल्यालं आमच्या फोमवर बी असायचं," साहेबराव म्हणाले. "मारा वो डिस्पॅच. येकदा तर मारलीच हाय की नातीला, आता आज्याला मारा, हिशेब फिटंल."

मी मारली. चकती पापणीवर टेकली आणि फूल पडावं तशी खाली पडली. पापणी लालसुद्धा झाली नाही. मी म्हटलं, "झालं! द्या दोन बांधून."

साहेबरावांनी बंदूक उलटीसुलटी केली. बराच वेळ. मग म्हणाले, "रंग बरा न्हाई."

इतक्या वर्षांत या माणसानं रंगावरून माल नाकारलेला मी पाहिला नव्हता. आमचा फोम तर पांढरा सोडून दुसऱ्या रंगाचा कधी नव्हताच. पण मी हसलो, म्हटलं, म्हातारा मौजेत आलाय. बाहेर पडलो आणि स्कूटरला किक मारणार तोच यांना टोपी आठवली. "आत ऱ्हायली. तुमी रस पिऊन घ्या तवर." मी समोरच्या गाड्यावर रस पीत उभा राहिलो. साहेबराव टोपी घालून परत आले आणि काखेत पिशवी, पिशवीत चौकोनी खोकं.

"हे काय?"

"डबा हाय. गोजरानं सांगितला व्हता."

सूसला जाऊन डबा! मी रस्ताभर चेष्टा केली. ते मागे बसून पिशवी सांभाळत राहिले.

तिसऱ्या रविवारी बाणेरचा मॉल. तिथं चार बंदुका नाकारल्या. एक घोडा जड म्हणून, एक आवाज फार म्हणून, बाकीच्या दोन कशापायी ते मलाही कळलं नाही. चौथ्या रविवारी आम्ही पौडला गेलो, तिथं बंदूकच नव्हती, तरी साहेबराव दुकानात अर्धा तास बसले. मला खरं सांगायचं तर मजा येत होती. नव्या दुकानाचं नाव मीच काढायचो. जुने दिवस परत आल्यासारखं वाटत होतं, मी घाई करतोय आणि ते अडवतायत.

धम्मदीपा दर रविवारी विचारायची, "आजोबा, पास झाली?"

"न्हाई बाळा. चाललंय तपासनीचं."

"तुमचं ऑफिस फारच स्लो आहे," ती म्हणायची, आणि टाकीमागे जाऊन बोटाची बंदूक करून सराव करायची. आजोबा धुण्याच्या दगडामागे बसून मेल्यासारखं करायचे. उठताना गुडघे धरायचे.

पाचव्या रविवारी गोजराबाई मला एका बाजूला म्हणाल्या, "भावजी, कसली बी घ्या आन् द्या की पोरीला. यांचं काय कळंना मला. रातचं उठून कपाट उघडत्यात, लावत्यात."

"कारखाना आठवत असेल," मी म्हटलं. इतका मी हुशार.

सहावा रविवार निरोपाचा. गाडी परसाच्या फाटकाशी आणून लावलेली, डिकीत बॅगा. गोजराबाईंनी लाडू, कुरडया, मसाला असं काय काय बांधलं, रत्नदीप म्हणत होता, "आई, वजन होतंय," आणि त्या आणखी एक पुडी घालत होत्या. धम्मदीपा नवे बूट घालून आली होती. ती आधी टाकीजवळ गेली. नकाशा उन्हानं पिवळा पडला होता, तो तिनं हातानं सारखा केला. मग आजोबांपुढे येऊन उभी राहिली.

"आजोबा, बंदूक?"

साहेबराव तिच्याकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "फुडच्या रविवारी."

पुढचा रविवार नव्हता. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. रत्नदीप बॅगेच्या कुलपाशी खटपट करू लागला. सुनीतीनं पदर नसलेल्या कपड्यात पदर शोधला. मी डिकीतल्या बॅगा मोजायला लागलो.

धम्मदीपानं मान हलवली. "ओके. घाई नका करू, आजोबा. नीट बघूनच घ्या."

नऊ वर्षांची पोर. कुणाकडून शिकली कोण जाणे.

गाडी सुरू झाली. साहेबराव फाटकाच्या बरोबर मधे उभे होते, कारखान्यात उभे राहायचे तसेच, हात मागे बांधून. रत्नदीपनं हॉर्न दिला नाही. गाडी तशीच घुरघुरत उभी. एक मिनिट, दोन मिनिटं. शेवटी गोजराबाई गेल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या बाहीला धरून त्यांना बाजूला घेतलं. वासराला घेतात तसं.

त्यानंतर मी महिनाभर गेलो नाही. चकती माझ्या हातून सुटली, तिथून हे सगळं सुरू झालं, असं उगाच वाटत राहायचं. जूनच्या शेवटी गेलो, तर साहेबराव परसात तोच नळ खोलून बसलेले. यावेळी तो खरंच गळत होता. टाकीवरचा नकाशा पावसात गेला होता, चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरले होते.

"धम्मी काय म्हणते?" मी विचारलं.

"फोन येतो. तितं बी परस हाय म्हनं. मैत्रिनी झाल्यात." मग ते म्हणाले, "कपाटात वरच्या फळीवर पकड हाय. द्या आनून."

पकड सापडली. तिच्यामागे एक चौकोनी खोकं होतं. सूसच्या दुकानाचं. मी उघडलं. आत दोन निळ्या-नारिंगी बंदुका, कोऱ्या, चकत्यांची पाकिटंही न फोडलेली. झाकणाच्या आतून पिवळी चिठ्ठी. तारीख त्याच सूसच्या रविवारची. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात: नग दोन. चकती ओके. उठाव ओके. घोडा ओके. रंग ओके.

सहीची जागा कोरी.

मी खोकं घेऊनच परसात आलो. पकड आणायची विसरलो.

"साहेबराव, हे काय? चार आठवडे बंदुका घरात होत्या? पोर दर रविवारी विचारत होती, तुम्ही मला उन्हातान्हात दुकानं हिंडवलीत, आणि इथं सगळं ओके लिहून ठेवलंय! अहो, एक सही करायची होती. का नाही केलीत?"

साहेबरावांनी नळावरून नजर काढली नाही. गळतीवर अंगठा दाबून धरला होता, तो तसाच ठेवून म्हणाले,

"सही केली की गाडी सुटती, डिस्पॅच."