शांतवनची फळी

भिंगारचा शांतवन सुतार गिटार वाजवतो, हे ख्रिस्ती देवळातल्या साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. त्याच्याकडे गिटार नाही, हेही ठाऊक होतं. पण तो इतक्या ठामपणे सांगायचा की विचारणार कोण?

त्याचं झालं असं. गोऱ्या पलटणीच्या बराकीत तो खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायला जाई. तिथे दुपारी एक तांबड्या केसांचा शिपाई गिटार छेडत बसे. शांतवन त्याच्या समोर बसून रंधा मारी आणि डोळे मात्र त्याच्या बोटांवर ठेवी. घरी येऊन त्याने सागवानी फळीवर सहा रेघा ओढल्या, वर जाड, खाली बारीक. पितळी पट्ट्या ठोकून पडदेही केले. रोज संध्याकाळी फळी मांडीवर घ्यायची, बोटं रेघांवर दाबायची आणि आवाज तोंडाने काढायचा. दोन वर्षं हे चाललं होतं.

"आज फळी जरा बेसूर वाटतेय," चुलीपुढून त्याची बायको लिडिया म्हणे.

"सर्दी झालीय तिला."

देवळातल्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला, तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं, "शांतवनराव, गिटार मिळाली तर सुगीच्या उपासनेला वाजवाल?"

"मिळू तर द्या!" शांतवन छाती काढून म्हणाला. भिंगारात ती मिळायची कुठून, हीच त्याची हिंमत.

सत्तेचाळीस साल सरत आलं. गोरे आपला बाडबिस्तरा आवरून निघून गेले आणि त्यांचं सामान जुन्या बाजारात येऊन पडलं. सुगीची उपासना चार दिवसांवर होती. नवरा-बायको बाजाराला गेले, तर छबूबाईच्या पथारीवर बूट, पत्र्याचे मग आणि कंदिलांच्या मधोमध गिटार!

"अहो, मिळाली!" लिडियाने टाळीच वाजवली.

शांतवन मात्र दोन पावलं मागे सरला. रविवारी अख्ख्या मंडळीपुढे बसायचं, आणि फळीवरची विद्या तारेवर उतरलीच नाही तर? जन्मभर 'फळीवाला' म्हणतील. त्याने मनात म्हटलं, देवा, ही मोडकी निघू दे.

त्याने गिटार उचलली. एक डोळा मिटून, फळीचा बाक बघावा तसा तिचा दांडा बघितला. सरळ. तिच्या पोटावर टिचक्या मारून पाहिल्या. कुठे भेग नाही. तारा अडकवलेली खालची घोडी नखाने उचकटून पाहिली. सरसाचा जोड पक्का. सहाही खुंट्या लोण्यासारख्या फिरल्या. शांतवनचा चेहरा उतरत चालला.

"मिस्तरी, मयताला आल्यासारखं काय तोंड करून बसलाय?" छबूबाई म्हणाली. "चार जन हात लावून गेले. तारा नुसत्या लोळत्यात, वाजत न्हाई म्हनले."

तेव्हा कुठे त्याने माथ्याकडे पाहिलं. तिथे तारा ज्यावर टेकतात, ती खाचांची हाडाची पट्टीच गायब होती.

"मोडकी आहे!" तो आनंदाने ओरडला.

"अहो, एवढीशी तर पट्टी," लिडिया म्हणाली. "तुम्ही बसल्या बैठकीला कराल. घेऊन तर बघा मांडीवर."

त्याने घेतली. छबूबाई खदखदून हसली. "मिस्तरी, उलटी धरलीया! येक गोरा बाजारात आला की हितंच बसून वाजवायचा, दांडा डाव्या हातात धरून."

शांतवन आपल्या हातांकडे बघत राहिला. दांडा उजव्या हातात होता. दोन वर्षं तो शिपायाच्या समोर बसून शिकला होता, आरशात बघावं तसा! जाड तार वर हवी, ती इथे खाली आली होती.

"चल," तो उठला. "सगळंच उलटं शिकलोय मी."

लिडियाला हसू आवरेना. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "अहो, दार दुसऱ्या बाजूला उघडायचं असलं, तर तुम्ही काय दार टाकून देता?"

"बिजागऱ्या फिरवतो."

एवढं बोलून तो थांबला. पट्टी तर नव्हतीच! नवी तोच कोरणार होता. मग जाड तारेची खाच या टोकाला का त्या टोकाला, कोण विचारणार? खालची घोडीही सरळच होती, तिला उलटसुलट सारखंच. चांगली पट्टी असती, तर ती उपटायला त्याचा हात धजला नसता.

"छबूबाई, काय घेणार?"

"पैसं ऱ्हाऊ द्या. या पसाऱ्याला झाकणाची पेटी करून द्या. रोज उचलून कंबर गेली."

"बिजागऱ्या पितळी लावतो!"

खाटकाकडून नळीचं हाड आणलं, उकळलं, कानशीने घासलं. सहा खाचा पाडल्या, सगळ्या उलट्या क्रमाने. तारा उतरवून पुन्हा चढवल्या, शिपायाच्या सुरांची आठवण काढत खुंट्या पिळल्या. शनिवारी दुपारी तो ओसरीवर बसला. उजव्या हाताची बोटं सवयीने जागेवर गेली. डावा हात फिरवताना सवयीनेच त्याने तोंड उघडलं.

पण आवाज आधीच आला होता. सहा तारांचा, भरलेला, थेट छातीला लागणारा. शांतवनचं तोंड तसंच उघडं राहिलं.

लिडिया पिठाच्या हातांनी बाहेर आली. "थांबलात का? सर्दी गेली की तिची!"

त्याने पुन्हा हात फिरवला. या वेळी गाणं लिडियाने धरलं.