धोंडू परबाची हाळी

वरळीच्या जुन्या चाळीत पाणी आधी तळमजल्याला यायचं, आणि तिथे नळाशेजारची खोली धोंडू परबाची. पहाटे नळ फुसफुसला की तो पटांगणात उभा राहून हाळी द्यायचा, "पाणी इलां रेऽऽ!" वरच्या मजल्यापर्यंत दारं उघडायची, बालद्या वाजायच्या.

"धोंडूभाऊ, घसा आहे की गिरणीचा भोंगा?"

"तुझी बायको उठली ना? मग झालं!"

पाणी गढूळ आलं तर हाळी तुटक, जायला लागलं तर लांबट. नुसत्या सुरावरून बाया काय ते समजायच्या. नवरीची गाडी आली तरी हाळी धोंडूचीच, कुणी गेलं तरी त्याचीच. स्वतःसाठी मात्र तो कधी ओरडला नाही. बायको रखमा हाताशी असायची.

आता चाळ पडली, रखमाही गेली. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या अठराव्या मजल्यावर धोंडू एकटा राहतो. नळाला चोवीस तास पाणी. आल्या आल्या एका पहाटे सवयीनं त्यानं पॅसेजमध्ये हाळी दिली, तर समोरचा स्वप्नील हात जोडून म्हणाला, "काका, नाइट शिफ्ट करून आलोय हो." तेव्हापासून तो गप्पच झाला. दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नाही.

त्या दुपारी बाथरूममध्ये त्याचा पाय घसरला. कंबर हलेना. फोन पलंगावर राहिलेला. ओरडायचं, पण काय? 'वाचवा' म्हणायची लाज वाटली. मग जी हाळी दिल्यावर आयुष्यभर दारं उघडली, तीच त्यानं दिली.

"पाणी इलां रेऽऽ!"

खिडकीबाहेरच्या पाइपांच्या बोळातून हसू वर आलं. खालच्या मजल्यावरची शेवंती, चाळीतली शेजारीण.

"बालदी लावतंय हां, भावजी! मस्करी काय सुटली नाय तुमची!"

त्यानं पुन्हा तीच हाळी दिली.

"ऐकलंय मां!" खाली भांडी खडखडू लागली.

धोंडूनं डोळे मिटले. आता ती आत गेली की संपलं.

"शेवंते... मी पडलंय."

आवाज इतका बारीक निघाला, की तो आपलाच का, असं त्याला वाटलं. खालची भांडी थांबली.

"कोण पडलां?"

"मी गे."

शेवंती धापा टाकत वर आली. दाराचं कुलूप आपोआप लागणारं. वॉचमन चावीवाल्याला आणायला धावला. ती दाराला तोंड लावून ओरडली, "भावजी, गप ऱ्हवू नकात! कायतरी बोलत ऱ्हवा!"

काय बोलायचं? अख्ख्या चाळीला उठवणाऱ्या धोंडूला एका माणसाशी बोलायला विषय सुचेना.

"आज... जेवणाक काय केलंस?"

"कुळथाची पिठी."

"लसूण घातलंस?"

"घातलंय. आणि काय? बोला!"

"आणि..." म्हणून धोंडू फरशीवर पडल्या पडल्या आठवू लागला, माणसं एकमेकांना आणखी काय काय विचारतात.