वाढत गेलेले चौकोन

थोरल्या जाऊबाईंना बसता येत नाही. शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी कापायच्या टेबलाशी उभ्याने काढली, आणि आता घरातही त्या तशाच उभ्या असतात: खिडकीशी, ओट्याशी, कुणी टीव्ही बघत असेल तर नेमक्या टीव्हीच्या आड. कारखान्यात त्यांना 'पट्टी' म्हणत. कापडाचे चाळीस थर एकावर एक ठेवून कापले तरी पहिल्या आणि चाळिसाव्या बाहीत सुताचा फरक नसायचा.

गेल्या काही महिन्यांत मात्र घरात कुजबुज सुरू झाली होती. नळ दोनदा उघडा राहिला. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून परतताना त्या भलत्याच गल्लीत शिरल्या. त्यांच्या मुलाने आधी गॅसचा लायटर वरच्या फळीवर ठेवला, मग दाराची किल्ली स्वतःच्या खिशात. तो वाईट नव्हता. हळू आवाजात बोलत एकेक वस्तू काढून घेत होता, एवढंच. आणि आता त्याची नजर त्यांच्या मोठ्या कात्रीकडे वळलेली त्यांनी पाहिली होती.

अशात नातीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. शनिवारी निघायचं. तिच्यासाठी गोधडी कोण शिवणार, यावरून दोन्ही जावांचं वाजलं.

"मी दुकानातून पाकीट आणते," धाकटी म्हणाली. "चौकोन कापूनच मिळतात. नुसते जोडायचे."

"मग नातही पाकिटातूनच आणायची होतीस."

"जाऊबाई, तुमचं कापून होईपर्यंत पोरगी तिकडून रिटायर होऊन येईल."

शेवटी निम्मी-निम्मी ठरली. धाकटीने पंख्याखाली बसून, गाणी ऐकत, साठ चौकोन दोन दिवसांत जोडले. थोरल्यांनी जुने सदरे काढले, उशांचे अभ्रे काढले, नातीचा शाळेतला फ्रॉक काढला. आयते तुकडे कुणाच्या अंगावरून आलेले नव्हते. तसल्या कापडाखाली पोरीला झोप कशी लागणार, असं त्यांना वाटे.

गुरुवारी दुपारी दोन्ही भाग जेवणाच्या टेबलावर समोरासमोर पसरले. धाकटीचा सरळ होता. थोरल्यांचा वरच्या ओळीला बरोबर, पण खाली येता येता फाकत गेलेला. जोडायच्या कडेला चार बोटं जास्त.

"अगं बाई," धाकटी म्हणाली, "ही गोधडी की परकर? चांगला घेर आलाय!"

"तुझेच आयते तुकडे आखूड असतील. नीट बघ आधी."

थोरल्या या खोलीतून त्या खोलीत जाऊ लागल्या. ज्यावरून चौकोन आखायचे तो पुठ्ठ्याचा फर्मा हवा होता. त्यावर दोघींचे तुकडे ठेवले की सोक्षमोक्ष. तो पलंगाखाली नव्हता, मशीनच्या खणात नव्हता. सापडला खिडकीत, चहाच्या कपाखाली. कपाचं गोल वाळून त्यावर चिकटलं होतं. सोमवारचा चहा. मग मंगळवारी, बुधवारी त्या कशावरून कापत होत्या?

हातांना ते माहीत होतं. खिडकीपर्यंत जायचं सोडून त्या नुकताच कापलेला तुकडा पुढच्या कापडावर ठेवत होत्या, खडूने आखत होत्या, रेघेच्या बाहेरून कापत होत्या. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा केसाएवढा मोठा. कारखान्यात नव्या बायकांना पहिल्याच दिवशी त्या बजावत, कापलेल्या तुकड्याचा फर्मा करायचा नाही. एकीला तर त्यापायी सगळ्यांदेखत रडवलं होतं.

"सापडला?" धाकटी मागून आली. तिने कपाचं गोल पाहिलं, थोरल्यांचा चेहरा पाहिला.

तेवढ्यात मुलगा आत आला. "झाली का जोडून?"

"कुठली!" धाकटी पटकन म्हणाली. "दुकानदाराने फसवलं रे मला. आखूड तुकडे घातलेत मेल्याने."

थोरल्यांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. चोख कापलेल्या तुकड्याला आखूड म्हटलेलं त्यांना सोसवेना.

"तिचे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "माझे वाढलेत. फर्मा विसरले मी."

मुलाने कात्रीकडे पाहिलं. "आई, राहू दे मग. काकू करेल उरलेलं. पाकिटात आहेत अजून तुकडे." त्याने हात पुढे केला.

"थांब. वाढलेला तुकडा कापता येतो. कमी पडला असता तर मीच कात्री तुझ्या हातात दिली असती."

त्यांनी शेवटच्या ओळीतला एक चौकोन उसवला. त्यावर फर्मा ठेवला, अंगठ्याने दाबला. कात्री चालली. अर्ध्या बोटाएवढी चिंधी जमिनीवर पडली. मुलाने चौकोन उचलून काकूच्या चौकोनावर ठेवला, चारी कोपरे नखाने चाचपले. उजेडाकडे धरला. पुन्हा चाचपले.

त्याने कात्री मागितली नाही. जागचा हललाही नाही.

"दुसरा," तो म्हणाला.

थोरल्या वाकून उसवू लागल्या. पन्नासेक तुकडे बाकी होते, नातीची गाडी परवा सकाळी होती, आणि तो सगळे तपासणार की दोन-चार पाहून निघून जाणार, हे विचारायचं त्यांना धाडस झालं नाही.