येसूबाईचं आवतण

येसूबाई रोज सकाळी काळ्या चहाचा पहिला घोट उंबऱ्याबाहेर ओतायची आणि मेलेल्या नवऱ्याला हाक मारायची. "घे मुडद्या, गरम हाय." बुधाजीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. शिवी मात्र रोज ताजी असे.

शेव्याजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात ती धवलारीण होती. मिठागरांवरच्या आगरी घरांत भटजी आला तर आला. लग्न लागायचं ते धवलारणीच्या गाण्यांनी, धवल्यांनी. ती आधी देवांना आवतण द्यायची, मग त्या घरातल्या मेलेल्यांना. त्यांना बोलावताना त्यांचे गुणही सांगायची. कोण ताडी पिऊन बांधावरून पडला, कुणी सासूचं लुगडं विकलं. लोक हसता हसता रडत, आणि उद्या ही आपल्याबद्दल काय गाईल या धास्तीनं जरा बरं वागत.

१९५८ साली तिच्या नातीचं, मैनाचं लग्न ठरलं. आसपासच्या गावांतल्या पोरी येसूबाईनं गाऊन उजवल्या होत्या. मैना जन्मली तेव्हापासून तिनं हे एक लग्न मनात धरलं होतं. पण तिचा मुलगा, मैनाचा बाप काळूराम, मुंबईच्या गोदीत लागला होता. तिथून त्यानं इस्त्रीचे शर्ट आणले होते आणि मतंही.

"आय, सगलं भटजी करल. कर्णा पन आनलाय. तू आराम कर."

"मी कवा दमली?"

"व्याही शिकलेले हायत. त्यांच्यापुढं बाबांची ताडी कशाला?"

येसूबाई एकही शिवी न देता उठून चुलीकडे गेली. शेजारणींना भीती वाटली ती याचीच.

हळदीच्या दिवशी कर्ण्यावर सिनेमाची गाणी सुरू झाली. बायका मांडवात येऊन बसल्या आणि बसूनच राहिल्या. हळदीचं गाणं आलं की जातं फिरवायचं, पाण्याचं आलं की घडे उचलायचे, उंबराच्या फांदीचं आलं की पुरुषांनी कोयता घेऊन निघायचं. हे कुणी शिकवलं नव्हतं. गाणं कानावर आलं की हात चालत. कर्ण्यातली बाई चंद्राशी बोलत होती. चंद्राचं काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उन्हं कलली तरी जातं कोरडं, आणि मैना पाटावर बसून जांभया देत होती.

"अगं, हलद दला ना कोनीतरी," काळूराम म्हणाला.

"तुजा कर्णा सांगल तवा दलू," शेजारची केसर म्हणाली.

येसूबाई मागल्या दारी सुकट निवडत बसली होती, जसं काही लग्न दुसऱ्याच गावात होतं. काळूराम तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आय, चल. गा."

"तो कर्णा माज्या तोंडाशी धरशील?"

"धरतो. पन बाबांचं..."

"त्याच्या घरचं लग्न हाय. त्याला आवतण नको, मंग काय तुज्या गोदीच्या सायबाला दिऊ?"

काळूरामानं उठून माईक आणून दिला.

येसूबाईनं हरिहरेश्वराला बोलावलं, उशिरा आलास तर उभा राहशील असं बजावून. रेवसच्या धक्क्यावर होडीची वाट बघत बसलेल्या भटजीला बोलावलं. बुधाजीला तर बांधावरून पुन्हा पाडलं, या वेळी साऱ्या खाडीला ऐकू जाईल असं. जातं केव्हा फिरू लागलं कळलंच नाही. एक म्हातारी कुरकुरली, धवल्यात भटजी कधीपासून आला म्हणून. "माज्या आजीनं आगबोट घातली व्हती," येसूबाई माईकवरूनच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडून वऱ्हाड आलं. व्याही मांडवात टेकायच्या आधी येसूबाईकडे गेले. "काल ऐकलं," ते हळूच म्हणाले. "आमचा बाप पन बांधावरूनच पडलेला. त्याला पन बोलवा."

येसूबाई १९६५ साली गेली. मैना शेवटच्या आजारात तिच्याजवळ होती. शेवटच्या सकाळी येसूबाईला उठवेना, म्हणून मैनानं चहा केला, पहिला घोट उंबऱ्याबाहेर ओतला आणि जरा लाजत, पुटपुटल्यासारखी शिवी दिली.

अंथरुणातून येसूबाई म्हणाली, "मोठ्यानं बोल, बाला. त्याला कमी ऐकू येतं."